तिसरा बोअर

चहाच्या यंत्राजवळ उभा राहून खडकोबा छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता. मी मागून गेलो, त्याच्या खांद्यावरून सहज नजर गेली आणि वाचलं : ‘१०.४०. चहा घेतला. बिनसाखरेचा.’ एवढंच. कप यंत्राखाली तसाच वाफाळत होता, म्हणजे घेतला कसला, अजून घ्यायचा होता. मला पाहून त्याने वही खिशात सारली आणि विचारलं, काय रे, आज लवकर? मी रोज याच वेळेला येतो, हे त्याला सव्वीस वर्षं माहीत आहे. तरी मी म्हटलं, हो, आज जरा लवकरच आलो. का म्हटलं कोण जाणे. त्याला बरं वाटावं म्हणून असेल. त्याचा चेहरा जरा सैल झाला, आपण बरोबर ओळखलं असं वाटून. मग चार वाजता सही करायची आहे, तू बरोबर ये, असं तो म्हणाला. कुठे करायची ते विसरलो तर बोट दाखव, असंही म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसलो. जागेवर येऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझी पाठ घामाने ओली झाली आहे. वास्तविक पाचव्या मजल्यावर थंड हवा सोडतात, बायका शाली घेऊन बसतात.

मी अंदाजपत्रकं करतो. जमिनीखालून गॅस आणि तेल नेणाऱ्या पाइपलाइनींची. पाइप किती किलोमीटर, किती जाडीचा, सांधे किती, रस्ते किती ओलांडायचे, नद्या किती, कुणाच्या शेतातून जायचं आणि तो भांडणार किती, हे सगळं मांडून शेवटी एक आकडा काढायचा आणि त्याखाली दोन रेघा ओढायच्या. काम संपतं तेव्हा झालेला खर्च निराळाच असतो. कधी सव्वापट, कधी दीडपट. त्याचं कुणाला काही वाटत नाही. खरा आकडा आधी सांगितला तर कुणी कुदळच मारणार नाही, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त तसं बोलायचं नसतं. घरी बायको मला ‘अंदाजपंचे’ म्हणते. दुकानातून यायला किती वेळ लागेल विचारलं की मी पंचवीस मिनिटं सांगतो आणि पन्नास मिनिटांनी येतो. ती हल्ली मी सांगितलेल्याची दुप्पट करूनच कुकर लावते. ऑफिसात माझ्या आकड्यांकडे एवढ्या शहाणपणाने कुणीच पाहत नाही.

खडकोबा जमीन तपासतो. पाइप जिथून जाणार तिथे बोअर मारायचे, खालची माती आणि दगड नळकांड्यांतून वर काढायचे आणि किती मीटरवर काय लागलं ते कागदावर लिहायचं, हे त्याचं काम. खडकोबा हे नाव त्याला कुणी दिलं आठवत नाही, बहुतेक मीच. त्याच्या खिशात नेहमी दगड. दगड ओळखायचा तर तो सरळ जिभेला लावतो. चिकणमातीचा असेल तर जिभेला चिकटतो, म्हणतो, आणि नसेल तर नाही, इतकं सोपं आहे. एकदा मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा कागदावर ठेवायचा दगडही त्याने असाच चाटून पाहिला होता आणि हे काचेचं आहे, तुम्हाला फसवलंय, असं सांगितलं होतं. त्याचा मोठा भाऊ शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हता. खडकोबा त्याला भरवायचा आणि भाऊ त्याला ‘साहेब’ म्हणायचा, उपकार झाले साहेब, म्हणायचा. एका साइटवर, पत्र्याच्या खोलीत, दुपारचं जेवण उरकल्यावर त्याने मला हे सांगितलं होतं. पुढे म्हणाला, बाकी काहीही होवो रे, हात जावो, पाय जावो, मला एवढं एकच नको. मी तेव्हा काय बोललो असेन? बहुतेक काही नाही. मी अशा वेळी डब्याचं झाकण लावत बसतो.

ज्या नदीपायी आज चारची सही होती, तिच्या वेळी तीन बोअर मारले होते. एक अलीकडच्या काठावर, एक मध्ये तराफा लावून, एक पलीकडे. पाइप नदीच्या तळाखालून न्यायचा होता. यंत्र एका काठावरून आडवं भोक पाडत जातं, पलीकडे डोकं काढतं आणि मग पाइप मागे ओढून घेतात. तळाखाली मऊ माती असेल तर सहा आठवड्यांचं काम. खडकोबा साइटवरून तडक माझ्या टेबलाशी आला होता. बुटांना गाळ तसाच. नियमाप्रमाणे कागद आवक खिडकीतून यायला हवेत, शिक्का बसायला हवा. पण आमच्यात कसली आली आहे पोच. त्याने तिन्ही कागद माझ्या हातात दिले आणि तिसऱ्यावर, चौदा मीटरच्या ओळीवर बोट ठेवलं. गोटे आहेत, म्हणाला, डोक्याएवढे. हा बघ जरा, हा त्रास देणार. त्याच्या नखात माती होती. मी ठेव म्हटलं. पहिल्या दोन बोअरमध्ये वीस मीटरपर्यंत लोण्यासारखी चिकणमाती होती.

दोन बोअर एक सांगतात आणि तिसरा भलतंच, तर त्या तिसऱ्याला आम्ही ‘रुसलेला’ म्हणतो. रुसलेल्या बोअरचं एकदम ऐकायचं नाही, अशी आमची पद्धत आहे. दहा मीटरवर दुसरा मारून पाहायचा, तोही रुसला तर मग खरं मानायचं. पद्धत वाईट नाही. कधीकधी एखादा सुटा गोटा भोकात येतो आणि सगळं अंदाजपत्रक बिघडवतो. पण दुसरा बोअर म्हणजे आठ दिवस, आणि बोअरचं यंत्र तोवर दुसरीकडे गेलं होतं. गोटे धरले तर आकडा आमच्या साहेबांच्या मंजुरीच्या मर्यादेबाहेर जात होता. मग प्रकरण वर जाणार, वर्षभर तिथे पडून राहणार. साहेबांनी तो कागद काढून टाका असं म्हटलं नाही. असं कुणीच कधी म्हणत नाही. ते म्हणाले, बघा, बसतंय का. मी बसवलं. जोडपत्रात ‘बोअर : दोन’ असं लिहिलं आणि तिसरा कागद एका जुन्या, बंद झालेल्या कामाच्या फाइलमध्ये ठेवला. मंजुरी आली की पडताळणीचा बोअर मारून घेऊ, असं मनाशी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना मी प्रामाणिक होतो. अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के धरलेले होतेच. मंजुरी आल्यावर मी पडताळणीच्या बोअरबद्दल काही बोललो नाही. राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. राहून गेलं नव्हतं. मी राहू दिलं होतं.

यंत्राचं डोकं पलीकडच्या काठाखाली पहिल्यांदा अडकलं ती बातमी मी जेवणाच्या टेबलावर ऐकली. घास गिळला. दुसऱ्यांदा दांडा तुटला आणि दोनशे मीटर लोखंड नदीखाली राहिलं. तिसऱ्यांदा अख्खं भोकच ढासळलं. शेवटी वरच्या अंगाला नवी वाट काढली. नदीचा खर्च अडीचपट झाला आणि पलीकडच्या गावाला गॅस चौदा महिने उशिरा मिळाला. तरी कुणी मेलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या काळात मी स्वतःला हेच सांगत होतो.

मग चौकशी समिती आली. तीन माणसं, पाण्याचे पेले, मध्ये पेन्सिलींचा डबा. पलीकडच्या काठावर बोअर का मारला नाही, असं त्यांनी विचारलं. खडकोबा ताडकन म्हणाला, मारला होता, अहवालही दिला होता. कुणाला, कधी, पोच कुठे आहे? त्याच्या प्रती साइटवरच्या शेडमध्ये होत्या आणि शेड पुरात गेली होती. बोअरच्या यंत्रवाल्यांची टोळी कुठल्या कुठे पांगलेली. आवक रजिस्टरात नोंद नाही, माझ्या जोडपत्रात दोनच बोअर. तो माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत शंका नव्हती, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. शेजाऱ्याकडे घड्याळातली वेळ विचारावी तसं त्याने पाहिलं. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं. मी टेबलाकडे पाहत म्हटलं, “मला आठवत नाही.”

खोटं बोलायचं असतं तर मी ‘दिला नाही’ असं म्हटलं असतं. मी फक्त आठवत नाही म्हटलं. अंदाजपत्रकात अशा वाक्यांना जागा असते, आकडा कुणावरच बसत नाही. माझी समजूत होती की प्रकरण इथेच विरेल. दोघांपैकी कुणाचंच सिद्ध होत नाही, ‘जमिनीची अनपेक्षित स्थिती’ असं लिहून फाइल बंद होईल. गेल्या वीस वर्षांत निम्म्या फाइली त्याच शब्दांनी बंद झालेल्या मी पाहिल्या आहेत. खडकोबा भांडेल, चार दिवस बोलणार नाही, एवढं मी धरलं होतं. तो भांडला नाही. खोलीबाहेर आल्यावर त्याने मला हळूच विचारलं, खरंच नाही आठवत तुला? मी नाही म्हणून मान हलवली. तो बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, तुझी स्मरणशक्ती तर दगडासारखी आहे रे. मी माझ्याच मनाने रचलं असेन का?

हे मी कशातच धरलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याच्या खिशातले दगड गेले आणि वही आली. साइटवर जायच्या आधी तो सामानाची यादी तीनदा वाचे. मला भेटला की काल आपण काय बोललो ते पडताळून पाही, आणि मी हो, हो, बरोबर, असं म्हणत असे, जणू त्याच्यावर मोठे उपकारच करतो आहे. माझ्या बायकोला त्याची बायको भेटली होती. बायकोने घरी येऊन सांगितलं की वहिनींनी त्यांना दोन डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या सगळ्या नीट आल्या, पण ते म्हणतात सुरुवातीला तपासणीत येत नाही, भावाचंही आलं नव्हतं. वहिनींचा चेहरा अगदी उतरला आहे म्हणे. तुमचा एवढा जुना मित्र, जरा जाऊन या की, बायको म्हणाली. मी रविवारी जातो म्हटलं. चौकशीला आज अकरा महिने झाले, आणि अकरा महिन्यांत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस रविवार येतात.

समितीनेही घाई केली नाही. आता अहवाल पुरा करायचा तर एक कागद हवा होता आणि तो खडकोबा आपण होऊन देणार होता : तिसरा बोअर माझ्याकडून राहिला. शिक्षा फार नाही. त्याने स्वतःच मागून घेतलं होतं की मला साइटच्या कामातून मोकळं करा, तळघरातल्या नकाशांच्या खोलीत बसवा. सकाळी चहाजवळ तो हेही म्हणाला होता. माझ्या विसरण्याने या वेळी पैसे गेले, पुढच्या वेळी कुणाचा जीव जायचा, दगडांपासून लांबच बरा मी. सव्वीस वर्षं जमीन चाटून ओळखणारा माणूस, आणि मी कप धुण्याच्या नळाकडे पाहत उभा होतो.

एक वाजेपर्यंत मी काम केलं. दुसऱ्या एका पाइपलाइनीचे सांधे मोजले. मोजणी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जुळली. मग कोऱ्या कागदावर सवयीने दोन रकाने पाडले. बोललो तर काय जाईल, गप्प राहिलो तर काय जाईल. पहिला रकाना भराभर भरला : नोकरीतली शेवटची तीन वर्षं, निवृत्तीची रक्कम अडकणार, साहेब अंगावर येणार, घरी बायकोला सांगावं लागणार. दुसऱ्या रकान्यात मी पेन टेकवून बसलो. काही जात नव्हतं. माझं काहीच जात नव्हतं. मला लाज वाटली. एरवी मला ती वेळेवर वाटत नाही, त्या वेळी वाटली. मी कागद फाडला, तळघरात गेलो आणि बंद कामाची ती फाइल काढली. तिसरा कागद होता तिथेच होता.

साहेबांना आधी सांगितलं. त्यांनी कागद पाहिला, उलटा केला, मागे काही नाही ना ते पाहिलं आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवला. अहो, सगळं मिटत आलंय, म्हणाले. तो स्वतः सही करतोय, त्याला कुणी हात धरून नेलंय का? आणि तुम्ही हे आज आणता? मी म्हटलं, हो, आज. त्यांनी चष्मा पुसला. मी तुम्हाला असं करा म्हटलं नव्हतं, बरं का, असं ते सावकाश म्हणाले. मी म्हटलं, नव्हतं म्हटलं. तुम्ही ‘बघा, बसतंय का’ म्हणाला होतात. मी कागद उचलून बाहेर आलो तेव्हा तीन वाजत होते.

खडकोबा आपल्या खोलीत त्या निवेदनाची सुवाच्य प्रत काढत होता. त्याचं अक्षर शाळेतल्या गुरुजींसारखं आहे, वेलांट्या पूर्ण. बरं झालं आलास, वाचून बघ, शुद्धलेखन तेवढं पाहा, असं म्हणून त्याने कागद माझ्याकडे फिरवला. ‘पलीकडील काठावरील बोअरचे काम माझ्या स्मरणातून निसटले, आणि ते केल्याचे मला नंतर चुकीने वाटत राहिले.’ मी तेवढंच वाचलं.

“तू तिसरा बोअर मारला होतास,” मी म्हटलं. “कागद माझ्या हातात दिला होतास. मला तेव्हाही आठवत होतं.”

त्याने वर पाहिलं नाही. पेनचं टोपण लावलं. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस, म्हणाला. सगळे हल्ली तेच करतात, ही पण तेच करते. मी तो कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याचंच अक्षर, कोपऱ्यात वाळलेल्या गाळाचा डाग. तो वाकला. पहिल्या ओळीपासून बोट फिरवत खाली आला आणि चौदा मीटरवर थांबला. मग परीक्षेला बसल्यासारखा एकेक विचारू लागला.

“मी म्हटलं होतं, हा त्रास देणार.”

“हो.”

“तुझ्या टेबलावर तेव्हा भिंग होतं. दांडी तुटलेलं. तू दोऱ्याने बांधलं होतंस.”

“होतं.”

“आणि तू मला बस म्हटलं नाहीस. बुटांना गाळ होता म्हणून.”

हे मी विसरलो होतो. पण तसंच झालं असणार. मी हो म्हटलं. त्याने खुर्चीला पाठ टेकली आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतो आहे, मग वाटलं हसतो आहे, दोन्हीही असेल. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो. चार-पाच वाक्यं मनाशी जुळवून ठेवली होती, कारणांची, त्यात साहेब होते, यंत्र दुसरीकडे गेलेलं होतं, पद्धत होती. त्याने एकही कारण विचारलं नाही. खर्चाचं विचारलं नाही, समितीचं विचारलं नाही. डोळे पुसून तो एवढंच म्हणाला, “म्हणजे डोकं शाबूत आहे माझं.” मग फोन उचलून घरचा नंबर लावला, न बघता, आणि फोन माझ्यापुढे धरला.

“हिला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, हेही मी रचलंय.”

पलीकडे वहिनींनी फोन उचलला, आवाज घाबरलेला. काय झालं, भावजी, ते बरे आहेत ना? मी म्हटलं, बरा आहे, समोर बसलाय. मग सांगितलं. अहवाल वाचावा तसं सांगितलं, तारखेसकट, आणि ऐकताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तिकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं, भावजी?”

“पहिल्यापासून.”

“अकरा महिने मी यांना एकट्याने रस्ता ओलांडू दिलेला नाही,” त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. “कोपऱ्यावरच्या दुकानात जातात ना, तेव्हा मी मागून जाते. चपला हातात घेऊन. त्यांना ऐकू येऊ नये म्हणून.”

त्यांना द्या फोन, त्या म्हणाल्या. मी दिला. खडकोबाने तो दोन्ही हातांनी धरला, ऐकलंस ना, ऐकलंस ना, असं दोनदा म्हणाला आणि मग ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, बुटांकडे, आणि नजर तिथेच ठेवली.

“नाही,” तो फोनमध्ये म्हणाला, “आज न्यायला फाटकाशी येऊ नकोस. चालत येतो. एकटा.”

मग त्याने खुर्ची खिडकीकडे फिरवली. मी त्याची ती सुवाच्य प्रत उचलली, अर्धी लिहिलेली, आणि खालच्या कोऱ्या भागात माझं निवेदन लिहायला उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण त्याने मला बस म्हटलं नव्हतं.